सर्व्हर डाऊन

"अम्मी, पंधराच मिनिटं राह्यली," मुबशिरा म्हणाली आणि नखं खायला लागली.

अस्माने तिसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म पाचला बंद होणार होता आणि साइट काही उघडायचं नाव घेत नव्हती. पुन्हा तोच लाल इशारा. वडगाव निंबाळकरच्या निम्म्या पोरांचे फॉर्म अस्माच्या या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातून गेले होते, आणि आज घरच्याच पोरीचं वर्ष वाया जायची वेळ आली होती.

बाकावर कुंडलिकतात्या बसले होते. इंदापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांचा जन्म गेला. आता वेळ जात नाही म्हणून येऊन बसतात, असं अस्माने ठरवूनच टाकलं होतं. गेले तीन दिवस ते रोज येत होते. ते काही बोलायच्या आतच ती मान वर न करता, सगळ्यांना सांगायची तसं "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या" म्हणायची. ते हातातला कागद घडी करून निघून जायचे.

आज ते उठून स्क्रीनजवळ आले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण कुठंही गेले तरी आधी घड्याळ बघायची खोड काही सुटली नव्हती. त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"पोरी, हितं तर दोन हजार नऊ साल चाललंय. ह्याच्या घड्याळाचा सेल उतरला जनू."

खरंच की! एक जानेवारी २००९. रोज संध्याकाळी अस्मा मेन स्विच बंद करायची आणि रोज सकाळी बिचारा कॉम्प्युटर जुन्याच सालात उठायचा; तारीख चुकीची म्हणून साइट त्याला आत घेत नव्हती. तिने घाईघाईने तारीख बदलली, वेळ बदलली. साइट लगेच उघडली. पाचला तीन मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. मुबशिराने आईला मिठीच मारली.

"तात्या, पोरीचं वर्ष वाचवलंत तुमी. तुमचे उपकार ह्या जन्मात फिटायचे न्हाईत," अस्मा म्हणाली. मग तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. "तुमचं काय काम व्हतं?"

तात्यांनी कागद पुढे केला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला.

"मी जिवंत हाय, एवढंच कळवायचं व्हतं. मुदत काल संपली."

अस्माचा चेहरा पडला. तिने भरल्या डोळ्यांनी अंगठ्याचं मशीन पुढे ओढलं.

तात्यांनी अंगठा टेकवला. "रडती कशाला?" ते म्हणाले. "गाडी लेट हाय, रद्द न्हाय."