सभेची तालीम

उद्याच्या सभेची तालीम म्हणून आमदार सासऱ्यांनी घरच्यांनाच मतदार करून जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं होतं. कडेवरच्या बाळाला थोपटत सुनेने प्रश्न टाकला, "बाळंतपणानंतर बायकांनी नोकरीवर परत जावं का?"

"जावंच! घरच्यांनी बाळ सांभाळावं, ही माझी ठाम भूमिका आहे." टाळ्या पडल्या.

तिने लगेच विचारलं, "मग बाबा, सोमवारी माझी रजा संपतेय. जाऊ?"

"अगं, ते सभेपुरतं झालं," आमदार गडबडले. "इथे बाळाकडे बघणार कोण?"

सासूबाईंनी बाळाला उचललं आणि अलगद त्यांच्याच मांडीवर ठेवलं.



"तू जा गं बिनधास्त. यंदा मी आणि माझ्या झाडून सगळ्या मैत्रिणी विरोधकाला मत देतोय. हे आता घरीच असतील."