हातचा एक

स्पर्धेची ढाल मिळाली तर छोट्या सैन्यांच्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या क्लबच्या दारातल्या फळीवर धाकट्याचं नाव लागणार होतं. पुढच्या मोठ्या लढाईत कोणतं सैन्य घ्यायचं हे आधी तो ठरवणार होता. पण खरी कमाई वेगळीच होती. तीन वर्षं ओळीने ढाल घरी नेणारा बेकरीवाला निदान वर्षभर गप्प बसला असता, आणि तेवढं जमलं असतं तर बाकीचं धाकट्याने हसत सोडून दिलं असतं.

दादाला यातून काय मिळेल, हे त्याने मोजलं नव्हतं. दादा एवढंच म्हणाला होता, की आकडे माझ्याकडे राहू दे.

हिरव्या कापडावर बारा रणगाडे ओळीने उभे होते, एकेक अंगठ्याएवढा. स्पर्धा जोडीची होती, दोघांचा हात लागलेला हवा. धाकटा दातांच्या कवळ्या बनवायचा, त्यामुळे बारीक कामाची त्याला सवय. ओतीव धातूच्या कडा त्याने कानशीने घासल्या, चिमट्यात धरून चाकांवरचे पट्टे चिकटवले, अस्तर मारलं, रंग दिला, चाकांना चिखलही लावला. तोफेच्या बाजूचे एक ते बारा आकडे मात्र दादाचे. दादाने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. बाकीचे लोक पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे छापील, तयार आकडे लावत, म्हणून हातच्या आकड्यांना या क्लबात वेगळे गुण होते.

दादाने पाच दिवस घेतले. आठाची कंबर सरकली होती, साताला उभं राहायला भिंत हवी होती. धाकटा तोंडावर म्हणाला, झकास. मग काल दुपारी दादाला केस कापायला पिटाळून त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, बाराच्या बारा आकडे पुसले आणि तयार आकडे लावले. दादाचं चारचौघांत हसं नको व्हायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. हे कारण त्याला इतकं आवडलं, की पुसता पुसता त्याने ते तीनदा सांगितलं.

परीक्षक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते भिंग घेऊन टेबलाशी आले, एकेक रणगाडा उचलून पाहिला आणि विचारलं, हे आकडे हातचे का?

"दादाचा हात आहे, मास्तर," धाकटा म्हणाला. "माझा नुसता चिखल."

लोक हसले. वाक्य त्याने सकाळीच तयार केलं होतं.

दादाही कौतुकाने वाकला. कालपासून त्याने रणगाडे पाहिले नव्हते. त्याची नजर अकराव्यावर थांबली. अकरातले दोन्ही एक अगदी सारखे होते, एका साच्यातले. हाताने काढलेले दोन एक असे जुळे होत नाहीत. शेजारी पहिला उभा असतो म्हणून दुसरा थोडा अंग चोरून उतरतो. लहानपणी धाकट्याच्या हातात कुंचला देताना दादानेच हे शिकवलं होतं. त्याने अकरावा उचलला, डोळ्यांपाशी नेला, परत ठेवला. ठेवताना तो बाराव्यावर टणकन आपटला. दादाने धाकट्याकडे पाहिलं नाही. हात खिशात घातले.

ढाल यांचीच, मास्तरांनी जाहीर केलं. इथवर धाकट्याचा हिशेब चोख होता. पण मास्तरांना उत्साह आला. त्यांनी सुट्ट्या भागांच्या डबीतून एक कोरी तोफ काढली, शेजारी पांढरा रंग ठेवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. बेकरीवाला तर सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला.

"दादा, एकच आकडा काढून दाखवा," मास्तर म्हणाले. "या चिकटवणाऱ्यांना एकदा बघू दे."

त्यांनी कुंचला पुढे केला. धाकट्याला बोलायला एक वाक्य पुरेसं होतं: आकडे मी बदललेत. ते घशातून वर आलं, दातांपर्यंतही आलं. शेजारी बेकरीवाल्याचा श्वास ऐकू येत होता. धाकट्याने दात मिटले.

दादाने कुंचल्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहून ओशाळल्यासारखा हसला.

"अहो, चष्मा घरीच राहिला की माझा."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

मग जे हसू फुटलं ते कोणाला आवरेना. बेकरीवाल्याने दादाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, दादा, आता दात तरी तोंडात आहेत का बघा, नाहीतर धाकट्याला सांगा. नाकाकडे बोट दाखवणाऱ्यांना दादा म्हणाला, असू दे, असू दे, वय झालं. मास्तरांनी डोळे पुसले आणि बिचाऱ्याला आणखी लाजवायला नको म्हणून रंगाच्या बाटलीला झाकण लावलं.

त्या हसण्यात धाकट्याचंही हसू होतं. सगळ्यांत आधी तोच हसला होता.

हसं झालं ते एकट्या दादाचं. ढाल जोडीची होती, म्हणून मास्तरांनी ती दोघांच्या मधोमध धरली. धाकट्याने ती दोन्ही हातांनी घेतली. दादाने खिशातले हात काढले नाहीत.