दिलं की द्यायचं?

सकाळी साडेसातला सिस्टरने वॉर्डची वही उघडली आणि नऊ नंबरच्या खाटेच्या नोंदीपाशी तिची नजर अडली. रात्रपाळीच्या नव्या सिस्टरने इंग्रजीत लिहिलं होतं, 'सहा वाजता. शुगर दोनशे साठ. इन्सुलिन बारा युनिट गिव्ह.'

गिव्ह. म्हणजे द्या? की दिलं?

विचारायला नवी जागेवर नव्हती. सही ठोकून बस गाठायला पळाली होती. सिस्टरने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

तिने दिलं नसेल आणि आपणही दिलं नाही, तर नाश्त्यानंतर शुगर कुठल्या कुठे जाणार. तिने दिलं असेल आणि आपण पुन्हा दिलं, तर... पुढचं वाक्य सिस्टरने मनातसुद्धा पुरं केलं नाही. सिरिंज भरून तिने ट्रेमध्ये ठेवली आणि खाटेपाशी गेली.

"आजोबा, सकाळी इंजेक्शन दिलं का तुम्हाला?"

"टोचलं ना कुणीतरी."

"बोटाला की दंडाला?"

आजोबांनी आधी बोट पाहिलं, मग दंड. "अहो बाई, माझी चाळण झालीये. कुठलं भोक कधीचं, काय सांगू?"

सिस्टरने उशाशी बसलेल्या आजींकडे पाहिलं.

"मी नेमकी तोंड धुवायला गेले होते," आजी ओशाळून म्हणाल्या. "राहिलं असेल तर देऊन टाका ना. उगाच चुकायला नको."

आठला डॉक्टरांची फेरी. अजून सहा खाटा बाकी. सिस्टरने सिरिंज उचलली, आजोबांचा दंड हातात घेतला. दंड ओला लागला. वर पंखा गरगर फिरत होता.

"घाम कधीपासून येतोय यांना?"

"आत्ताच. हातही बघा कसे थरथरताहेत. भूक लागली असेल."

सिस्टरने सिरिंज खाली ठेवली आणि बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब मशीनला लावला. आकडा उमटायला पाच सेकंद लागतात.

अठ्ठावन्न.

"दिलंय!" ती जवळजवळ ओरडलीच आणि दाराशी झाडणाऱ्या वॉर्डच्या मावशींकडे वळली. "मावशी, साखरेचं पाणी आणा! पळा!"

आजींनी आजोबांच्या ओठांना पेला लावला. पंधरा मिनिटांनी मशीनवर पंच्याण्णव आलं. नाश्ता अजून कसा नाही म्हणून आजोबा कुरकुरू लागले, तेव्हा कुठे सिस्टरने भिंतीला पाठ टेकली.

एवढ्यात फोन वाजला. नवी होती.

"ताई, फोन केला होतात? बॅटरी संपली होती, आत्ताच घरी पोचले."

"नऊ नंबरला इन्सुलिन दिलं होतंस?"

"हो. सहाला. लिहिलंय की."

"गिव्ह लिहिलंयस तू! गिव्ह म्हणजे द्या! मी आणखी बारा युनिट भरून उभी होते. म्हातारा हातचा गेला असता आज! दिलं तर दिलं, एवढं लिहायला काय जातं गं तुझं?"



"परवा मी 'गिव्हड' लिहिलं होतं, ताई. तुम्ही ते सगळ्यांना वाचून दाखवलंत. म्हणून आज शेवटचा डी लिहिलाच नाही."