फक्त फ्रेंच

"आणखी मागे," ब्रेंडन फ्रेंचमध्ये म्हणाला. "सगळे मावत नाहीयेत."

डार्ला मागे सरकली. हातात ब्रेंडनचा फोन. पडद्यावर सगळा गट, वाऱ्याने तोंडावर आलेले केस, आणि एका कडेला त्यांच्या फ्रेंचच्या प्राध्यापिका, मादाम रूसेल. फोटो काढायचं काम नेहमी डार्लाकडेच यायचं. जी बोलत नाही तिच्या हातात फोन द्यावा, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं.

आणि ती बोलत नव्हती, कारण

(इथे जरा मागे जाऊ. तीही जातेच आहे.)

कारण तिसरी चूक म्हणजे घर. अमेरिकेतून निघताना सगळ्यांनी सही केली होती: सत्र संपेपर्यंत फक्त फ्रेंच. वर्गात, बसमध्ये, जेवताना, भांडताना. तीनदा इंग्रजी बोलताना सापडलं की परतीचं विमान. डार्लाच्या दोन झाल्या होत्या. एकदा रूआँ शहरात, जिथे उतरले होते त्या घरी, तापलेल्या भांड्याला हात लागला आणि तोंडून शिवी गेली. दुसऱ्यांदा रस्त्याच्या कोपऱ्यावर, फोनवर, आजीशी. "आज्जे, ज्येवलीस का गं?" एवढंच. मागे वळली तर मादाम उभ्या.

दोन्ही वेळा मादामच. बाकीची पोरं न्हाणीघराचा नळ चालू ठेवून खुशाल इंग्रजीत गप्पा हाणायची, तिकडे मादामचा कान जात नसे. डार्लाने ओठ हलवले की मादाम हजर.

"तुझ्यावर भारीच जीव आहे मादामचा," ब्रेंडन टोमणा मारायचा. तोही फ्रेंचमध्ये.

डार्ला अमेरिकेतल्या कोळसाखाणींच्या डोंगराळ मुलखातली. तिथली गावंढळ इंग्रजी बाकीच्यांना इंग्रजी वाटतच नसे. येताना विमानात तिने पाणी मागितलं, तर ब्रेंडन म्हणाला होता, "परत म्हण ना. एकदाच." तिने भोळेपणाने परत म्हटलं. पुढच्या रांगेपर्यंत हशा गेला. कॉलेजात पोचलेली ती घरातली पहिली. निघताना तिच्यासाठी प्रार्थना करायला सगळं खोरं चर्चमध्ये जमलं होतं. अर्ध्या सत्रात परत गेली तर त्या लोकांना काय तोंड दाखवणार? त्यापेक्षा तोंड बंद बरं.

"अजून थोडी."

डार्ला मागे सरकली. पायाखालचं गवत संपलं, पांढरा, खडूसारखा दगड आला. नॉर्मंडीचा किनारा असाच, गवत संपतं आणि मग काहीच नसतं. तिने खाली पाहिलं नाही. पडद्यावर मादामचा अर्धा खांदा कापला जात होता, आणि मादामचा खांदा कापायचा म्हणजे

मादामसमोर चीजसुद्धा जपून कापावं लागे. चुकीच्या बाजूने सुरी लागली की त्या डोळे मिटून घेत. वीसेक वर्षं त्या कॉलेजात शिकवत होत्या. त्यांच्या तोंडचा इंग्रजी शब्द ऐकलेला माणूस नव्हता. फ्रान्समधल्या लियाँ शहरच्या असाव्यात, असं सगळे धरून चालत. विद्यार्थ्यांनाही त्या 'तुम्ही' म्हणत. त्या 'तुम्ही'ची डार्लाला धास्ती वाटे.

डार्ला मागे सरकली.

पडद्यावरचे चेहरे बदलले. सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. तिला वाटलं, फोटोसाठी सोंग करताहेत. तोंडं उघडीच राहिली. आवाज येईना. ब्रेंडनचा हात हवेत, बोटं नुसती मिटत-उघडत. तो फ्रेंच शब्द शोधत होता. सगळेच शोधत होते. 'कडा' दुसऱ्या धड्यात होता. 'थांब' तर पहिल्याच आठवड्यात घोटून घेतलेलं. इंग्रजी सगळ्यांच्या ओठावर आलेलं, आणि ओठावर आलेलं इंग्रजी गिळायची तर त्यांना इतक्या आठवड्यांची सवय

"म्होरं ये! म्होरं ये, बाय माझे, मागं कडा हाय!"

आजी.

डार्ला काही विचार न करता पुढे धावली आणि गवतात गुडघ्यांवर पडली. तिच्या मागे दगडाचा एक पापुद्रा सुटला. तो खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

आजी इथे कुठून?

तिने वर पाहिलं. मादाम रूसेल यांचे दोन्ही हात तिच्या दिशेने पसरलेले होते. चेहरा दगडासारखा पांढरा. कुणी हलत नव्हतं. सगळे मादामकडे बघत होते.

"मादाम," ब्रेंडन हळूच फ्रेंचमध्ये म्हणाला, "हे तुम्ही बोललात?"

मादामनी हात खाली घेतले. कोट झटकला. "बसकडे चला," त्या म्हणाल्या. स्वच्छ, लियाँची फ्रेंच. "ड्रायव्हर आपल्यासाठी थांबणार नाही."

पोरं कुजबुजत निघाली. ब्रेंडनने फोन घेतला आणि पुढे झाला. डार्ला उठली. आता गप्प राहिली असती तर सत्र निभावलं असतं, हे तिला नीट कळत होतं. ती भराभर चालत मादामच्या बरोबरीला आली.

"कुठल्या खोऱ्यातल्या वो तुमी?"

मादाम चालत राहिल्या.

"ही तिसरी," डार्ला म्हणाली. "धाडा मला घरी."

पायवाटेच्या वळणावर मादाम थांबल्या. पुढची पोरं लांब गेली आहेत ना, ते त्यांनी पाहिलं.

"वारं लई हाय हितं. मला काय ऐकू आलं न्हाई." मग त्यांनी डार्लाच्या बाहीवरचं गवत झटकलं. "आन आधीच्या दोन चुका तुझ्या न्हवत्या, पोरी. तू त्वांड उघडलंस की आपली बोली माझ्याच त्वांडात यायची."