भिंतीकडची बाजू

"गाठ पूर्ण निघाली," सर्जन बाहेर येऊन म्हणाले. रंगारी हसला. सर्जन हसले नाहीत. गाठीचा एक तुकडा आधीच सुटून मेंदूत गेला होता. रंगाऱ्याची बायको शुद्धीवर न येताच गेली.

आदल्या दिवशीपर्यंत त्याला हे दुखणं नव्हे, रुसवा वाटत होता.

वर्षापूर्वी त्याने एका गिऱ्हाइकाकडे उरलेला हिरवा रंग आणून, कुणाला न विचारता, स्वयंपाकघराला फासला. बायको म्हणाली, जेवायला बसलं की तळ्यात बसल्यासारखं वाटतं. त्याच सुमारास ती रात्री त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. त्याने गुपचूप पिवळा रंग दिला. पाठ तशीच. मग निळसर दिला. पाठ तशीच. पुढे ती जिन्यात मध्येच थांबू लागली, तेव्हा मुलीने दोघांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं.

सोनोग्राफीसाठी डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर व्हायला सांगितलं. ती वळली आणि धापा टाकू लागली.

"या कुशीवर मला दम लागतो," ती म्हणाली. "घरी मी उजवीकडेच वळून झोपते."

पडद्यावर तिच्या हृदयाच्या आत देठाला लटकलेली गाठ हेलकावे घेत होती. डॉक्टर म्हणाले, अशी गाठ क्वचितच होते. डाव्या कुशीवर ती झडपेच्या तोंडाशी येते आणि रक्ताची वाट अडते. काढली की बहुतेक माणसं बरी होतात, पण उशीर नको.

रंगारी पडद्याकडे बघतच राहिला. "मग मी दोनदा रंग कशाला दिला?"

"तुम्ही आपणहून देत होतात. मी कशाला अडवू?"

मुलीला हसू आवरेना. डॉक्टरही हसले आणि तिच्या आईला तिथेच भरती करून घेतलं.

सकाळी ऑपरेशनला नेताना तिने स्ट्रेचर थांबवायला लावलं. "घरी आले की भिंतीकडे तुम्ही झोपा. उजवीकडे वळले तरी तोंड तुमच्याकडे राहील."

गाठ निघाल्यावर कुठल्याही कुशीवर झोपता येईल, असं नर्सने सांगितलं. तरी बदलूच, म्हणाला तो.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. अजून काही करायचं राहिलंय का, असं मुलीने विचारलं. तो नाही म्हणाला.

पलंगावरच्या बाजू बदलायच्या राहिल्या.