राखणदार

जुन्या पोर्तुगीज सरहद्दीचे दगड शोधत आलेल्या बाईंनी बांद्याच्या काजूबागेत एका दगडावरचा, शेंदराखाली कोरलेला आकडा बोटांनी चाचपला. "अहो, हा तर सरहद्दीचा! याची जागा तिकडे ओहोळाकाठी. इथे कुणी आणला?"

दिगंबरची मान खाली गेली. वीस वर्षांपूर्वी त्यानेच तो उपटून धाकट्या भावाच्या, उत्तमच्या, जमिनीत चार हात आत हद्दीची खूण म्हणून रोवला होता आणि 'हा राखणदार, ह्याका हलवू नको' असं त्याला बजावलं होतं. तेव्हापासून उत्तम दरवर्षी इथे नारळ ठेवायचा आणि प्रसादाचं पहिलं खोबरं दादाच्या हातावर द्यायचा.

"कोणी हाडलेलो नाय, बाईनू," दादाकडे न बघता उत्तम म्हणाला. "राखणदार तो, आपल्या पायान चलत इलो. मी बघलंय."