चार पाकिटं

"शंभर किलो काजूगर टाकला की किलोची पाकिटं शहाण्णवच निघतात," अनिलशेठ म्हणाले. "उरलेली चार जातात कुठे? मशीन खातं, की ही?"

ही म्हणजे साबेरा. पाकिटं बंद करायच्या टेबलाशी ती मान खाली घालून उभी होती. संध्याकाळपर्यंत मशीनमध्ये दोष सापडला नाही तर तिला चोर म्हणून कामावरून काढायचं, असं शेठनी ठरवून टाकलं होतं. मिरजोळ्यात असली बातमी पसरायला अर्धा दिवस पुरतो. मग दुसरा कुठला कारखाना तिला दारात उभी करणार नव्हता.

गुरुप्रसादने मशीन तिसऱ्यांदा उघडलं. काजूगर तोलून किलोकिलोची पाकिटं भरणारं हे मशीन त्यानेच तीन महिन्यांपूर्वी बसवलं होतं. सेन्सर ठीक, वायरी ठीक. वारा लागत असेल म्हणून पंखा बंद करून झाला. जमीन कललेली असेल म्हणून पाणसळ ठेवून झाली. सगळं जागच्या जागी. त्याचं डोकंच चालेना.

"वजन लावून बघा," म्हणत शेठ देव्हाऱ्यातून पितळी किलो घेऊन आले. हळदीकुंकवाखाली पितळ दिसतही नव्हतं.

मशीन बसवलं त्या दिवशीही शेठनी हेच पुढे केलं होतं. आजोबांच्या पेढीवरचं लक्ष्मीचं वजन! मशीनला किलो ठरवून द्यायचा तर यानेच, असा त्यांचा हट्ट. आजोबा म्हणे हे फक्त माल घेताना काढायचे, विकताना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दर दिवाळीला त्याची पूजा व्हायची. गुरुप्रसादने वाद घातला नव्हता. गिऱ्हाइकाच्या देवाशी आपण कशाला भांडायचं?

त्याने पितळी किलो ठेवला. पडद्यावर बरोबर एक किलो. मग गराचं पाकीट ठेवलं. तेही बरोबर एक किलो.

"बघा," शेठ म्हणाले. "गराचे डबे सीलबंद येतात. मशीन बरोबर आहे. मग उरलं कोण?"

गुरुप्रसादला साबेराकडे बघवेना. पण मनातून त्याला शेठचं पटत होतं. असली घट त्याने घरीच पाहिली होती. थोरला भाऊ शिवा तिठ्यावरच्या पेढीत काजूबी विकायला न्यायचा. बाबा रेशन दुकानात दहा किलो तोलून पिशवी त्याच्या खांद्यावर द्यायचे, आणि पेढीवर ती जवळजवळ चारशे ग्रॅम कमी भरायची. दर खेपेला. शिवा शपथ घ्यायचा, मार खायचा, पुन्हा शपथ घ्यायचा. सतराव्या वर्षी बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. तो मुंबईला गेला तो गेलाच. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून शपथा घेणाऱ्यांवर गुरुप्रसादचा विश्वास नव्हता.

फोन आला म्हणून शेठ बाहेर गेले, तशी साबेरा जवळ आली.

"भाऊ, मी नाय ओ घेतलं. रोज झडती होते माझी."

"मग चार किलो जातात कुठे?"

"पाकिटातच जातात." तिने एक पाकीट त्याच्या तळहातावर ठेवलं. "मिरकरवाड्यात पंधरा वर्षं मासळी तोललीय मी. हाताला कळतं. हा किलो नाय, जास्तीच आहे. शेठना सांगितलं तर हसले. म्हणाले, मशीन चुकेल की तुझा हात?"

हसू गुरुप्रसादलाही येत होतं. पण करण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं. त्याने बॅगेतून आपलं सरकारी शिक्क्याचं स्टीलचं वजन काढून ठेवलं. पडद्यावर किलोला अडतीस ग्रॅम कमी.

आपलंच वजन खोटं? त्याने अर्ध्या किलोची दोन वजनं ठेवली. पुन्हा तेच. तो चक्रावला. मग त्याने मशीनचा किलो स्टीलच्या वजनाने नव्याने ठरवला आणि त्यावर पितळी किलो ठेवला.

एक किलो चाळीस ग्रॅम.

शेठ परत आले आणि पडद्याकडे बघतच राहिले. "जुनं वजन. झिजलं असेल."

"झिजलं तर हलकं होईल, शेठ. हे भारी आहे." गुरुप्रसादने वजन उलटं करून नखाने कुंकू खरवडलं. तळाला भोक पाडून शिसं भरलेलं होतं.

"म्हणजे पाकिटामागे चाळीस ग्रॅम आम्ही फुकट वाटत होतो?" शेठनी कपाळावर हात मारून घेतला. मग साबेराला म्हणाले, "तू उद्या ये हो वेळेवर." बस, एवढंच. साबेरा खुर्चीत बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली. गुरुप्रसाद तिच्यासमोर खजील होऊन उभा राहिला.

शेठ अजून कोड्यात होते. "पण आजोबा असलं नुकसानीचं वजन कशाला ठेवतील?"

"ते माल घेताना काढायचे ना? मग नुकसान त्यांचं नव्हतं." बोलता बोलता गुरुप्रसाद थांबला. "शेठ, पेढी कुठे होती तुमची?"

"तिठ्यावर, वडाखाली. वाड्यांवरची पोरं खांद्यावरून काजूबी घेऊन यायची. आजोबा किलोकिलोने तोलून घ्यायचे."

गुरुप्रसादने खिशातून फोन काढला. शिवाचा नंबर त्यात नव्हता. बाबा वारले तेव्हा तो नंबर शोधू नका, असं गुरुप्रसादनेच सगळ्यांना सांगितलं होतं.